लहान वर्ग कोणाचा?

ठाकूरद्वाराच्या नाक्यापासून विद्येची तीन जुनी घरे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. चौपाटीकडे वळले की १८३२ साली ज्याचा आरंभ झाला ते विल्सन कॉलेज लागते. धोबीतलावाकडे वळले की १८६९ सालचे सेंट झेवियर्स. आणि तसेच दक्षिणेस जात राहिले तर काळ्या घोड्यापाशी एल्फिन्स्टन. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी बारावीची परीक्षा उतरलेली मुलेमुली मुंबईतील अशा अनेक दारांतून आत शिरतात, आणि बहुतेक ठिकाणी एकेका तुकडीत शंभर-सव्वाशेपर्यंत बसविली जातात. त्यांतील पुष्कळांचे नाव त्यांच्या प्राध्यापकांस अखेरपर्यंत ठाऊक होत नाही. पुढे जे थोडे एम. ए.ला आणि त्याहून थोडे पीएच. डी.ला पोहोचतात, त्यांच्या वाट्यास मात्र लहान वर्ग, शिक्षकाचे सान्निध्य आणि स्वतःचा असा एखादा विषय येतो. म्हणजे जो नवखा असेल त्यास गर्दी आणि जो मुरलेला असेल त्यास जवळीक, असा आमच्या उच्च शिक्षणाचा क्रम आहे. हा क्रम सोयीचा आहे यात शंका नाही. तो न्याय्य आहे काय, आणि विद्येच्या दृष्टीने शहाणपणाचा तरी आहे काय, एवढाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

ज्यास सेमिनार म्हणतात त्यास आम्ही या लेखापुरते चर्चावर्ग असे नाव देतो. एक शिक्षक, बारा-पंधरा विद्यार्थी, एकच नेमका विषय आणि एक सहामाही, एवढी त्याची सामग्री. विद्यार्थ्याने वाचावे, शोधावे, लहानसा निबंध लिहावा, तो इतरांपुढे वाचावा आणि त्यावर येणाऱ्या शंकांस उत्तर द्यावे, ही त्याची रीत. अठराव्या शतकात जर्मनीतील गटिंगेनसारख्या विद्यापीठांत प्राचीन भाषांच्या अभ्यासासाठी ही रीत रूढ झाली. पुढील शतकात बर्लिन येथे रांके याने इतिहासाचे विद्यार्थी तिच्याच साह्याने तयार केले. परंतु तेथेही हे वर्ग तयारीच्या विद्यार्थ्यांसाठीच होते. हा क्रम उलटा करण्याचे धाडस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९५९ साली केले: नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसाठीच असे लहान वर्ग उघडले, आणि पुढे तिकडील इतर अनेक विद्यापीठांनी ती प्रथा उचलली.

आमच्याकडे अशा वर्गास जागाच नाही, असे मात्र आता म्हणता येणार नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून जी नवी रचना महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली, तीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आपल्या मुख्य विषयाखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतील एखादा विषय ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून घ्यावा लागतो. पंधरा तासांचा एक श्रेयांक या हिशेबाने दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. एका लहान विषयाच्या पाठीस लागण्यास तीस तास पुरेसे आहेत. चौकट तयार आहे. पण त्या चौकटीत शंभर जण बसवून, नेमलेल्या टिपणांवरून व्याख्यान देऊन, अखेरीस पर्यायी उत्तरांची परीक्षा घेतली, तर विषयाचे नाव नवे आणि वर्ग जुनाच असे होते.

वस्तुतः मुंबईच्या उच्च शिक्षणाचा उगमच लहान मंडळात आहे. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर बोलावे, एवढाच तिचा मूळ व्यवसाय. तिच्या मराठी व गुजराती शाखा झाल्या. मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. ही मंडळी परीक्षेसाठी जमत नव्हती. त्या वाचनास गुण नव्हते, पदवी नव्हती. तरीही, किंबहुना म्हणूनच, निबंधात जे मांडले ते खरे असेल तर आपण काही केले पाहिजे, ही टोचणी त्यांस लागली. आणि १८४९ साली या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण सभासद सकाळच्या वेळी विनावेतन तेथे शिकवीत. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्या कामास गिरगावात आश्रय दिला. पुढे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्या चौघांची योग्यता केवळ वर्ग लहान होता म्हणून आली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या शिक्षणाचा आम्ही अभिमान बाळगतो त्यात शिक्षकास प्रत्येक विद्यार्थी ओळखू येत होता, हे विसरून चालणार नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलींच्या शिक्षणावर ज्या मंडळात निबंध वाचले गेले, त्या मंडळात एकही मुलगी बसलेली नव्हती. लहान वर्तुळ आतल्यांस जितके जवळ आणते, तितकेच ते बाहेरच्यांस दूर ठेवू शकते. हा धोका आम्ही नजरेआड करीत नाही. या लेखाचा मुख्य प्रश्न तोच आहे. पण आधी, नवख्यास लहान वर्ग हवाच कशासाठी, हे पाहू.

बारा वर्षे शाळेत व शिकवणीच्या वर्गांत घालवून जो विद्यार्थी महाविद्यालयात येतो, त्याने तोपर्यंत सहस्रावधी प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असतात. त्यांतील एकही प्रश्न त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या समजुतीप्रमाणे ज्ञान ही कोठेतरी आधीच तयार होऊन ठेवलेली वस्तू आहे, आणि आपले काम ती उचलून आणणे एवढेच आहे. मोठ्या वर्गातील व्याख्यान, ते कितीही सरस असो, ही समजूत बळकटच करते; कारण व्याख्यानात वक्त्याच्या शंका, त्याची चुकलेली वाट, त्याने टाकून दिलेली अनुमाने दिसत नाहीत. शिवाय गर्दीत एक सोय असते. आपणांस कळले नाही हे तेथे लपविता येते. पहिल्या वर्षी ही लपविण्याची सवय लागली की ती पदवीबरोबरच पुढे जाते, आणि मग कचेरीत, सभेत, निवडणुकीत, जे कळले नाही त्यास मान डोलावणारा सुशिक्षित वर्ग तयार होतो.

आमच्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय हे ठरविण्यासाठी प्रमाणे देऊन केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा मोडण्यासाठी केलेली ती वितंडा. आज ‘वाद’ हा शब्द भांडणाच्या अर्थी उरला आणि ‘वितंडवाद’ घरोघर पोहोचला, यावरूनच आमच्या सवयी काय झाल्या ते दिसते. वाद ही शिकण्याची गोष्ट आहे. ती पुस्तकातून शिकता येत नाही, कारण पुस्तक उलट विचारीत नाही. मोठ्या वर्गात शिकता येत नाही, कारण शंभरांत प्रत्येकाची पाळी येत नाही. ती दहा-पंधरांतच शिकता येते, आणि जल्पाची गोडी लागण्यापूर्वी शिकविली तरच अंगवळणी पडते.

विषय नेमका का असावा, याचे उत्तर उदाहरणाने देतो. समजा, चर्चावर्गाचा विषय आहे गिरगावातील वाड्या. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट, खोताची वाडी, झावबाची वाडी ही नावे ठाकूरद्वाराच्या परिसरात रोज कानांवर पडतात. काही नावांत झाडे आहेत, काहींत पिके, काहींत घराणी, काहींत अधिकार. विद्यार्थी पहिल्या दिवशी सांगतो की फणसवाडीत पूर्वी फणस होते. शिक्षक विचारतो, कशावरून? नावावरून. मग नाव हा पुरावा झाला काय? येथून अभ्यास सुरू होतो. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापले गेले, ते पाहावे लागते. १९०९च्या सुमारास निघालेले मुंबई शहराचे सरकारी गॅझेटियर पाहावे लागते. जुने नकाशे, मालमत्तेचे कागद, आणि वाडीतील म्हाताऱ्या रहिवाशांची आठवण. हे साक्षीदार जेथे जुळतात तेथे एकाने दुसऱ्याचे उतरून तर घेतले नाही ना, हे तपासावे लागते; जेथे जुळत नाहीत तेथे कोणास मानावयाचे व का, हे सांगावे लागते. सहामाहीच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती एकाच वाडीविषयी चार पाने असतील. पण त्या चार पानांत ‘निश्चित’, ‘बहुधा’ आणि ‘ऐकीव’ हे तीन शब्द त्याने आपापल्या जागी वापरले असतील, तर संपूर्ण भारताचा इतिहास पाठ करून जे आले नसते ते त्यास आले असे आम्ही समजू.

याच विषयातून नीतीचा प्रश्नही आपोआप उभा राहतो. गिरगावच्या पोटातून गेलेली मेट्रो २०२५ साली धावू लागली. तिच्या कामासाठी येथील काही जुन्या चाळी पाडाव्या लागल्या. वर्गात एखादी मुलगी अशाच पाडलेल्या चाळीतील असेल, आणि तिच्या शेजारचा मुलगा रोज विरारहून लोंबकळत येणारा असेल. तिच्या दृष्टीने गेलेली वस्तू म्हणजे सामाईक गॅलरी, शेजार, गणपतीचा मांडव; त्याच्या दृष्टीने आलेली वस्तू म्हणजे दिवसाचा वाचलेला वेळ. शंभरांच्या वर्गात ही दोघे एकमेकांस कधी भेटणार नाहीत. लहान वर्गात त्यांस एकमेकांचे ऐकून घ्यावेच लागेल, आणि शहर कोणाचे या प्रश्नास दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात हे त्यांस प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.

ही कल्पना मुंबईस अगदी नवी नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची शाखा निघाली तेव्हा तिचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. शहर पायांनी हिंडून, डोळ्यांनी पाहून समजावे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. परंतु तो लाभ पदवी मिळवून पुढे गेलेल्यांपुरता होता. १९४९ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने व्याख्यानांच्या जोडीस लहान गटांतील ट्यूटोरियल असावे अशी शिफारस केली. ती शिफारस सर्वांनी मान्य केली, आणि महाविद्यालये वाढत गेली तसतशी ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की, पाया न घालताच कळस कसा चढवावा? आधी विषयाचे सर्वसाधारण ज्ञान द्यावे, मग बारकाव्यांत शिरावे. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून सर्वच अभ्यासक्रम चर्चावर्गांचा करावा असे आम्ही म्हणत नाही. पण शंका घेणे आणि पुरावा मागणे हा कळस नव्हे. तोच पाया आहे, आणि तो न घालता आम्ही तीन मजले चढवितो.

दुसरा आक्षेप अधिक मर्मी लागणारा आहे. लहान वर्ग भित्र्यास क्रूर वाटतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलीस गर्दीत निदान आडोसा तरी होता. बारा जणांच्या वर्तुळात, जेथे इतर चारजण सफाईने इंग्रजी बोलतात, तेथे तिचे मौन सर्वांस दिसते. हे खरे आहे. म्हणून वर्ग लहान केला की काम संपले असे नाही. तेथे मराठीत बोलण्याची केवळ मुभा असून भागणार नाही. शिक्षकाने स्वतः मराठीत प्रश्न विचारून ती भाषा त्या टेबलावर आणून ठेविली पाहिजे. जिला बोलणे जड जाते तिच्या निबंधापासून बैठकीचा आरंभ केला पाहिजे. आणि वाड्यांसारखा विषय घेतला असता असा अनुभव येणे अशक्य नाही की, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी, मोडी लिपीतील जुना कागद वाचून घेण्याची ओळख, ही पुंजी जिच्यापाशी आहे ती त्या दिवशी वर्गातील सर्वांत श्रीमंत ठरते. विषय निवडतानाच कोणाची पुंजी मोजली जाणार हे ठरत असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि खरा नीतिप्रश्न तेथेच आहे. एकशेवीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे पंधरा-पंधराचे वर्ग केले तर ते आठ होतात. जे काम एका शिक्षकाच्या तीस तासांत होत होते त्यास दोनशेचाळीस तास लागतील. जेथे शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसांवर काम चालते, तेथे हे तास कोठून येणार? पंधरा निबंध वाचून त्यांवर शेरे लिहावयाचे तर वर्गाबाहेर कित्येक तास जातात. आणि तासावर मोल घेणाऱ्या शिक्षकास त्या वाचनाबद्दल काही मिळत नाही. गुरुधर्माचे नाव घेऊन ते काम त्याच्याकडून फुकट करवून घेणे हा अन्याय आहे. तेव्हा हा लाभ सर्वांस पूर्णपणे देता येणार नाही असे क्षणभर धरून चालू. मग तो कोणास द्यावयाचा?

याचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: गुणवत्ता-यादीतील पहिल्या पंधरांस. हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की त्यास कारण द्यावे असेही कोणास वाटत नाही. आमच्या मते ते चुकीचे आहे. लहान वर्ग हे बक्षीस असते तर ते पहिल्या पंधरांस देणे योग्य झाले असते. पण ते बक्षीस नव्हे; तो आहार आहे, आणि आहार भुकेप्रमाणे वाटावयाचा असतो. ज्यांस अधिक गुण मिळतात त्यांतील बहुतेकांस लहान वर्ग घरीच मिळालेला असतो. घरात पुस्तके असतात, जेवताना वादविवाद होतात, प्रश्न विचारला तर उत्तर देणारे कोणी असते. ज्याच्या घरी हे नाही, त्यास आयुष्यात हा अनुभव मिळण्याची जागा महाविद्यालय हीच; आणि पुष्कळांच्या बाबतीत पहिले वर्ष हाच त्याचा काळ, कारण दुसऱ्या वर्षापासून नोकरी, कर्ज किंवा लग्न यांची घाई सुरू होते. मुरलेल्यासाठी राखून ठेविलेली जवळीक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मग आवडीप्रमाणे द्यावा काय? ज्यास हवा त्याने मागावा, हे वरवर न्याय्य दिसते. पण जो पदार्थ कधी चाखला नाही त्याची आवड कोठून उत्पन्न होणार? मागणाऱ्यांच्या रांगेत पुन्हा तेच पुढे उभे राहतील ज्यांस तो ठाऊक आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, होता होईतो थोडा का होईना, पण सर्वांस द्यावा. तीस तासांपैकी वीस तास सर्वांस एकत्र शिकवावे आणि उरलेले दहा तास पंधरा-पंधराच्या वर्गांत घालवावे. शिक्षकांचे तास होतात शंभर. म्हणजे आठपट नव्हे, तिपटीहून थोडे अधिक. वर्षातून एका विषयापुरता एवढा भार उचलणे आणि त्याचे, निबंधवाचनासह, योग्य मोल देणे, हे शहाण्या संस्थेस अशक्य नसावे. दहा तासांत फारसे पांडित्य येणार नाही. पण आपल्या नावाने हाक मारून आपणांस प्रश्न विचारला गेला, आपण लिहिलेले कोणीतरी नीट वाचले, एवढे प्रत्येकाच्या गाठी राहील.

आणि तेवढेही शक्य नसेल, जागा खरोखर पंधराच असतील, तर विषयांची पसंती विचारावी आणि चिठ्ठ्या टाकाव्या. विद्येच्या मंदिरात सोडत काढणे काही जणांस हास्यास्पद वाटेल. पण सोडतीत एक सभ्यता आहे: जो बाहेर राहिला त्यास ती अपात्र म्हणत नाही. गुणवत्ता-यादी नेमके तेच म्हणते, आणि अठराव्या वर्षी ऐकलेला तो निकाल माणूस पुष्कळदा खरा मानून चालतो. यावर कोणी म्हणेल की बुद्धिमंतांवर हा अन्याय झाला. त्यांचे नाव चिठ्ठ्यांत आहेच; गेले आहे ते एवढेच की त्यांची चिठ्ठी इतरांहून मोठी असावी हा हक्क. तो हक्क परीक्षेने त्यांस दिला होता, विद्येने नव्हे.

ठाकूर म्हणजे देव आणि ठाकूरद्वार म्हणजे देवाचे दार. देवळाच्या दारात कोणी आधी तुझी भक्ती किती ते दाखव असे म्हणू लागला तर आम्ही त्यास वेडा म्हणू. महाविद्यालयाच्या दारात तसेच म्हटले जाते तेव्हा त्यास शिस्त म्हणतो. मोठ्या वर्गांवाचून आमच्यासारख्या देशाचे चालणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण गर्दीत बसविणे अटळ असेल, तर ती गर्दी ज्यास एकट्याने पुस्तक उघडता येते, शंका विचारण्याचे भय गेलेले आहे, अशा पुढच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी सोसावी. येत्या पावसाळ्यात जी मुलेमुली पहिल्यांदाच या दारांतून आत येतील, त्यांपैकी प्रत्येकास एका तरी खोलीत एका तरी शिक्षकाने ‘कशावरून?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, एवढी मागणी अवास्तव आहे असे आम्हांस वाटत नाही.